रिटायर झाल्यावर बँकेचीच ग्रुप मेडिक्लेम ठेवली, अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

ऑगस्ट २०२४ ला मी बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि नोव्हेंबर २०२४ पासून आम्ही दोघं बँक पेन्शनरांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहोत. आता रिन्यूअल तोंडावर आलंय आणि यंदा रिटायर झालेल्या माझ्या दोन मैत्रिणी रोज फोन करून विचारून राहिल्या की घेऊ की नको, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी एक गैरसमज. बऱ्याच जणींना वाटतं की बँकेची पॉलिसी म्हणजे बँक पैसे भरते. नोकरीत असेपर्यंत हो, २०१५ च्या सेटलमेंटनंतर (बँका आणि कर्मचारी संघटनांमधला पगाराचा करार) ही स्कीम आली तेव्हापासून स्टाफचा प्रीमियम बँकच भरत आली. पण रिटायर झालं की प्रीमियम आपल्या खिशातून. मी नोकरीत असताना ती पॉलिसी कधी उघडूनही पाहिली नव्हती, आणि मागच्या वर्षी प्रीमियम खात्यातून एकदम कापल्या गेला तेव्हा त्या महिन्यात हातात जेमतेम किराण्यापुरतं राहिलं. धक्काच बसला होता बाप्पा.

ऑप्शन फॉर्म आला तेव्हा ठरवायचं होतं ते असं, ४ लाखांची बेस पॉलिसी घ्यायची का, डोमिसिलिअरीसकट की त्याच्याशिवाय, आणि वरून सुपर टॉप अप घ्यायचा का (हे दोन्ही काय असतं ते खाली सांगते). मुलगा पुण्याला आहे, तो म्हणे आई हे जुनाट काहून घेतेस, बाहेर १० लाखांची पॉलिसी फोनवरून पाच मिनिटांत मिळते. त्याचं मन राखायला मी एका एजंटला नागपूरला मनीषनगरच्या घरी बोलावलं, चहापाणी झालं, आणि यांना चौदा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी आहे असं सांगितल्याबरोबर त्याचा सूर बदलला. आधी तपासण्या, मग प्रीमियमवर लोडिंग म्हणजे आजारामुळे जास्तीचे पैसे, आणि शुगर-बीपीशी संबंधित जे काही होईल त्याला वेटिंग पिरियड, म्हणजे तोवर त्याचा क्लेम नाही. २०२४ च्या एप्रिलपासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, हा वेटिंग जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणलाय, आधी ४८ होता, हे चांगलंच झालं. पण यांचं वय ६६, तीन वर्षं थांब असं आजाराला कोण सांगणार? आमच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. माझा निर्णय तिथेच झाला, प्रीमियमचा आकडा नंतर पाहिला.

डोमिसिलिअरी म्हणजे ॲडमिट न होता घरी चालणाऱ्या औषधांचा खर्च, ठरलेल्या आजारांच्या यादीसाठी. ऐकायला फार गोड वाटतं. मी वही घेऊन बसले आणि यांच्या सगळ्या गोळ्यांचा हिशेब काढला, महिन्याला २,३०० च्या आसपास जात होते, डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो तर तेच ९०० वर आलं. म्हणजे वर्षाचे अकरा हजारही नाहीत, आणि डोमिसिलिअरीसाठी जो जास्तीचा प्रीमियम होता तो याच्या दुपटीहून जास्त. शिवाय प्रत्येक वेळी प्रिस्क्रिप्शन, ओरिजिनल बिल, फॉर्म. नाही घेतलं. ज्यांच्याकडे महागडी इंजेक्शनं चालू आहेत त्यांचं गणित वेगळं असू शकतं, पण गणित करा, नुसतं नाव ऐकून टिक करू नका. सुपर टॉप अप मात्र घेतला, ५ लाखांचा. वर्षभरातले सगळे क्लेम मिळून बेसचे ४ लाख संपले की तो सुरू होतो आणि त्या मानाने स्वस्त पडतो.

आता खरी परीक्षा. फेब्रुवारीत यांनी नवीन सँडल घेतली, टाचेला फोड आला, शुगरमुळे यांना दुखलंच नाही. पाचव्या दिवशी मोजा काढला तर पाय घोट्यापर्यंत लाल आणि गरम. संध्याकाळीच धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं, डॉक्टर म्हणाले ॲडमिट करा, उद्या सकाळी ओटीत (ऑपरेशन थिएटर) घेऊन साफ करावं लागेल. मी घाबरलेली, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, मॅडम डिलक्स रूम रिकामी आहे, ७,५०० रोज, देऊ का? मी हो म्हणणारच होते. पण फाइलच्या पहिल्या पानावर मीच लाल पेनाने लिहून ठेवलं होतं, रूम ५,००० पर्यंत.

हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. लोकांना वाटतं की रूम महाग घेतली तर वरचे अडीच हजार रोजचे आपण भरू, झालं. तसं नसतं जी. ५,००० ची लिमिट असताना ७,५०० ची रूम घेतली तर सर्जनची फी, ओटीचा चार्ज, व्हिजिट, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, म्हणजे तीनातले दोनच भाग मिळतात. हे सगळं मिळून ६० हजार झालं असेल तर ४० मिळतील, २० तुमचे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. मी ४,५०० ची ट्विन शेअरिंग घेतली. बाजूच्या बेडवर उमरेडचे एक काका होते, त्यांच्या घरचे दोन वेळ पिठलं-भाकरी आणायचे आणि मलाही द्यायचे. चार दिवस कसे गेले कळलं नाही.

कॅशलेसला, म्हणजे हॉस्पिटलचं बिल कंपनीनेच थेट भरावं म्हणून, रात्रीच अर्ज गेला आणि टीपीएकडून (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम तपासणारी एजन्सी) प्रश्न आला, शुगर केव्हापासून आहे, पहिला रिपोर्ट द्या. जुने आजार कव्हर असलेल्या पॉलिसीत हा प्रश्न अडवायला कशाला लागतो ते मला आजही कळलं नाही. नशिबाने यांचा २०१० चा पहिला रिपोर्ट मी जपून ठेवला होता, तो फोटो काढून पाठवला तेव्हा मंजुरी आली. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी सकाळी ११ ला जा म्हणून सांगितलं आणि फायनल मंजुरी आली संध्याकाळी ७ ला. नियम असा आहे की पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला पाहिजे, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते इन्शुरन्स कंपनीने भरायचे. मी हे काउंटरवर शांतपणे बोलून दाखवलं म्हणून त्या दिवसाचं रूम भाडं आमच्या बिलात आलं नाही. एकूण बिल १ लाख ३८ हजार, आम्ही भरले ९,४००, ते ग्लोव्हज वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे.

नंतरचं ड्रेसिंग सहा आठवडे चाललं. डिस्चार्जनंतर ९० दिवसांपर्यंतचा संबंधित खर्च मिळतो हे अर्ध्या पेन्शनरांना माहीतच नाही. माझे १८,६०० झाले होते. पहिल्यांदा क्लेम परत आला, म्हणे ड्रेसिंगच्या पावत्यांवर शिक्का नाही. पाय सुजलेल्या माणसाला घेऊन तीन वेळा शिक्क्यांसाठी फिरले, ते विसरणार नाही. शेवटी बँकेच्या पेन्शन सेलला मेल टाकला, तारखांसकट, आणि लिहिलं की पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर विम्याच्या तक्रारींच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकते. १७,२०० जमा झाले.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगते. प्रीमियम दर वर्षी नव्याने ठरतो, पुढच्या वर्षी किती होईल ते कोणीच सांगू शकत नाही, आणि साठीच्या माणसाला आणि ऐंशीच्या माणसाला तोच प्रीमियम. म्हणजे आज मी जास्त भरते आणि म्हातारपणी मला फायदा होईल, त्यासाठी टिकून राहावं लागेल. २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, ग्रुपला ती सूट नाही, याचं फार वाईट वाटतं, कारण हे पेन्शनर स्वतःच्याच खिशातून भरतात. मी नव्या टॅक्स रिजीममध्ये असल्यामुळे ८०डी चाही (मेडिक्लेमच्या प्रीमियमवरची इन्कम टॅक्सची सूट) फायदा नाही. आणि पॉलिसी फक्त नवरा-बायकोची, मुलं नाहीत. माझ्यामागे यांना ती चालू ठेवता येते, ही मोठी गोष्ट आहे.

ताईचे मिस्टर केंद्र सरकारमधून रिटायर झाले, त्यांनी सीजीएचएससाठी (केंद्र सरकारची आरोग्य योजना) दहा वर्षांचे एकदम ७८ हजार भरले आणि दोघांचं आयुष्यभराचं कार्ड झालं. ते ऐकून मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. मोठे दीर ७४ चे आहेत, त्यांचं सरकारचं आयुष्मान वय वंदना आरोग्य कार्ड काढलं, ५ लाखांचं, सत्तरीच्या वरच्या कोणालाही मिळतं, पेन्शन कितीही असो. सीजीएचएसवाल्यांना दोनांपैकी एक निवडावं लागतं, आपल्यासारख्या इन्शुरन्सवाल्यांना दोन्ही ठेवता येतात. यांना सत्तर लागले की मी पहिल्याच आठवड्यात काढणार.

मुलाने परवा पुन्हा विचारलं, आता जीएसटी नाही तर बाहेरची घेऊ का. मी म्हटलं माझ्या एकटीसाठी एखादी छोटी पाहू, मला कुठला आजार नाही, वेटिंग आत्ताच सुरू होऊन जाईल. पण यांचं नाव या ग्रुपमधून काढायचं नाही, एकदा सोडली की परत घेतील याची खात्री नाही. रिन्यूअलची लिंक आली की बेस तीच, टॉप अप तोच, डोमिसिलिअरी नाही. त्याआधी बर्डीवर जाऊन २०१० च्या त्या रिपोर्टच्या दोन कलर झेरॉक्स काढायच्या आहेत, शाई फार फिकट होऊन राहिली.