सुंदरबन, महानदी की गोदावरी? मुंबईतल्या संशोधन गटासाठी तुलनात्मक आढावा

पश्चिमवाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश करत नाहीत, खाड्या करतात. शाळेच्या भूगोलात पाठ केलेलं हे वाक्य मुंबईतल्या संशोधन गटाला पुढे नडतं. उल्हास, सावित्री, वाशिष्ठी सह्याद्री उतरल्या की सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्रात. गाळ साठायला ना सपाटी, ना उसंत, आणि जो येतो तो मोठ्या भरती-ओहोटीत ढवळून निघतो. खचणाऱ्या, बुडणाऱ्या त्रिभुज प्रदेशावर काम करायचं तर पूर्व किनारा गाठावा लागतो, तोही दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत, कुणाचा तरी हात धरून. तो हात कुणाचा धरावा, हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा.

गृहीत धरलंय ते असं: चार-पाच जणांचा गट, तीन वर्षांचा प्रकल्प, बेताचा पैसा आणि सोबत यायला तयार असलेलं एखादं परदेशी विद्यापीठ. विषय जमीन खचणं, गाळ, खारं पाणी किंवा स्थलांतर यांपैकी काहीही असो.

आधी बघा: आकडे कुणाला दाखवता येतील?

बहुतेक गट सुरुवात करतात ती ‘सर्वांत धोक्यात कोण’ इथून, आणि सुंदरबनवर येऊन थांबतात. आमच्या मते आधी डेटाचा प्रश्न सोडवावा, कारण तीन वर्षांतलं पहिलं वर्ष खातो तो हाच.

नद्यांचा प्रवाह आणि गाळ केंद्रीय जल आयोग मोजतो. २०१८ च्या धोरणानुसार सिंधू आणि गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यांची आकडेवारी वर्गीकृत आहे. ती मागावी लागते, कशासाठी हवी ते लिहून द्यावं लागतं, गोपनीयतेची हमी द्यावी लागते. गोदावरी आणि महानदी या यादीत नाहीत. गोदावरीवरचं पोलावरम किंवा महानदीवरचं टिकरपाडा या केंद्रांची जुनी मोजमापं इंडिया-डब्ल्यूआरआयएस या जलसंपत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. परदेशी भागीदार असेल तर सुंदरबनच्या बाबतीत एकच सल्ला: प्रकल्पाची आखणीच अशी करा की वर्गीकृत आकडा त्याच्या हाती जायची गरजच पडू नये. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली ही गोष्ट नेमकी शोधनिबंध पाठवायच्या वेळी आडवी येते.

दोन गोष्टी तिन्ही ठिकाणी सारख्याच लागू आहेत. २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा नकाशा-डेटा भारतीय संस्थेनेच तयार करायचा आणि तिच्याच मालकीचा ठेवायचा. बांधाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजणार असाल तर ते काम तुमचं किंवा स्थानिक भागीदाराचं, परदेशी पाहुण्याचं नव्हे. दुसरी गोष्ट, खारफुटीची पानं, मातीतले जीवाणू किंवा मासे परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. शक्य असेल तिथे विश्लेषण भारतातच करा आणि बाहेर फक्त निकाल पाठवा.

सुंदरबन: काम भरपूर, गर्दीही भरपूर

भारतीय बाजूला १०२ बेटं, त्यातली ५४ वस्तीची. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे मातीचे बांध. चक्रीवादळं आयला २००९, अम्फान २०२०, यास २०२१, आणि दर खेपेला शेतात शिरलेलं खारं पाणी पुढची काही पिकं घेऊन जातं. पेण-अलिबागकडची खारबंदिस्ती ज्याने पाहिलीय त्याला हे चित्र लगेच कळेल. बांध तोच, आतली भातशेती तीच, बांध फुटल्यावरची हतबलताही तीच, फक्त आकार कैक पटींनी मोठा.

अडचण अशी की इथे सगळेच येतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या डेक्मा या हवामानबदल आणि स्थलांतरावरच्या प्रकल्पात ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघना आणि महानदी या दोन्ही त्रिभुज प्रदेशांवर काम केलं. २०१९ पासून न्यूकॅसल विद्यापीठाच्या लिव्हिंग डेल्टाज हबमध्येही गंगेचा त्रिभुज प्रदेश होताच. सुंदरबनातल्या गोसाब्यात प्रश्नावली घेऊन येणारा माणूस नवलाचा नाही. तुमची चाळीस प्रश्नांची यादी तिथल्या बाईने आधी कुणाला तरी सांगून झालेली असते, आणि उत्तरंही आता घोटून तयार असतात.

म्हणून इथे जायचं तर जादवपूरसारख्या जुन्या जाणत्या संस्थेचे धाकटे भागीदार म्हणून, एखादा नेमका तुकडा घेऊन. उदाहरणार्थ, एका बेटावरच्या बांधाची दर पावसाळ्याआधी आणि नंतर उंची मोजणं. नेतृत्व मागू नका, मिळालं तरी झेपणार नाही. वाघाच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि पहारेकऱ्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि दिवसाचं वेळापत्रक भरती ठरवते. गंगा पाणीवाटपाचा १९९६ चा करार तीस वर्षांचा, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतचा. वरून येणाऱ्या पाण्यावर काहीही लिहिताना सीमेच्या दोन्ही बाजूंना कान टवकारलेले असतात, हे धरून चला.

गोदावरी: दोन्ही टोकं आपली

मुंबईच्या गटाने सर्वांत आधी इथे बघावं असं आमचं मत आहे. अंतर कमी म्हणून नव्हे. ही नदी त्र्यंबकेश्वरी, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत १९७६ चं पैठणचं जायकवाडी आहे, तेलंगण-आंध्रातली धरणं आहेत आणि त्रिभुजाच्या तोंडाशी धवळेश्वरम आहे. तिथे आर्थर कॉटनने १८५२ मध्ये बंधारा पूर्ण केला, आजचं बॅरेज त्यानंतरचं. १९७० च्या दशकात ही नदी खाली वर्षाला सुमारे १५ कोटी टन तरंगता गाळ नेत होती. १९९० च्या दशकात तो सहा कोटी टनांच्या खाली आला. त्रिभुज प्रदेश दबत असतोच, त्यावर दरवर्षी नवा थर बसतो म्हणून तो पाण्यावर राहतो. थर थांबला की समुद्र पुढे सरकतो. काकीनाड्याजवळच्या उप्पाडाला किनारा कसा खातोय ते डोळ्यांनी दिसतं.

आता गाळ अडला कुठे, याचा एक मोठा हिस्सा महाराष्ट्रात आहे, आणि त्याचे कागद मराठीत आहेत. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सगळे ‘मेरी’ म्हणतात, जलाशयांत किती गाळ साठला याची सर्वेक्षणं करते. काकीनाड्याच्या टोकालाही आपला माणूस आहे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं एक केंद्र काकीनाड्यात आहे, दुसरं कोलकात्यात. विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ या त्रिभुजावर कित्येक दशकं काम करतंय, आणि हैदराबादला समुद्राची माहिती देणारी इन्कॉइस ही सरकारी संस्था आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र. धरणापासून खाडीच्या तोंडापर्यंत एकाच गाळाचा हिशेब मांडणारी अशी भागीदारी कोलकात्याच्या गटाला जमणार नाही, मुंबईच्या गटाला जमेल.

खाचखळगे इथेही आहेत. पहिला कोळंबीच्या तळ्यांचा. भातशेतीची तळी झालेल्या भागात खाऱ्या पाण्याचं मोजमाप म्हणजे कुणाच्या तरी धंद्यावर बोट. तळ्याच्या बांधावर पाय ठेवू देत नाहीत, दिलाच तर पाण्याचा नमुना घेऊ देत नाहीत. सुरुवात सरकारी कालव्यांपासून आणि ‘लंका’ म्हणतात त्या नदीतल्या बेटांवरच्या गावांपासून करा. दुसरा खळगा उपग्रहाचा. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडारवरून जमीन किती खचली ते मोफत काढता येतं खरं, पण भाताच्या खाचरात आणि खारफुटीत दोन प्रतिमा जुळतच नाहीत. काकीनाडा शहराचे ठिपके मिळतात, शेताचे नाही. शहर खचतंय म्हणजे त्रिभुज खचतोय असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. जुलै २०२५ मध्ये उडालेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहाची लांब तरंगलांबी हिरवळीतून जास्त चांगलं बघते, पण तिचा सलग काही वर्षांचा साठा होईपर्यंत जमिनीवरच मोजावं लागेल.

आरसेट आणि शून्याची भानगड

जमिनीवर मोजायचं साधन म्हणजे आरसेट, रॉड सरफेस एलिव्हेशन टेबल. साधारण १५ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या सळया एकाला एक जोडून चिखलात ठोकत जायच्या, पुढे जाईनात इतक्या. वर एक आडवा हात बसवायचा, त्यातून नऊ पिना खाली सोडायच्या आणि हात चार दिशांना फिरवायचा. म्हणजे एका जागी ३६ आकडे. बाजूला पांढऱ्या फेल्डस्पारचा थर पसरून ठेवायचा. पुढच्या खेपेला गाभा कापून त्यावर किती नवा गाळ बसला ते बघायचं. गाळ बसला १० मिलिमीटर आणि पृष्ठभाग वर आला फक्त ४, तर मधले ६ वरच्या थरांच्या दबण्यात गेले.

सळया साकीनाक्याचा कुठलाही फॅब्रिकेटर कापून, आटे पाडून देईल, पण ३१६ ग्रेडच घ्या. ३०४ खाऱ्या चिखलात खड्डे पडून जातो. एका जागेला तीन संच लावा, एकावर विसंबू नका. बिघडतं ते बहुधा माणसांमुळे: मोजताना चौकटीत पाय पडतो आणि तिथला चिखल कायमचा दबतो, म्हणून फळ्यांचा माचा आधी बांधावा. खेकड्याच्या बिळात गेलेली पिन वहीत तशी नोंदवा, ती सरासरीत नको. दरवेळी मोजणारा माणूस शक्यतो तोच ठेवा. आणि एक मर्यादा ध्यानात असू द्या: आरसेट सळीच्या टोकापर्यंतचंच सांगतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात तेल-वायूचा उपसा होतो, त्यामुळे खोल थर दबतोय का हे तपासायचं तर कायम बसवलेलं जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा मोजणारं) केंद्रच हवं.

भागीदारांत खरी भांडणं होतात ती शून्यावरून. एकाने उंची लंबगोलावरून (पृथ्वीचा गणिती आकार, जीपीएस उंची त्यावरूनच देतं) दिली आणि दुसऱ्याने सरासरी समुद्रसपाटीपासून, तर पूर्व किनाऱ्यावर पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. तो निदान लगेच दिसतो. लपून राहते ती चार्ट डेटम (सागरी नकाशांचा शून्य, साधारण ओहोटीची खालची पातळी) आणि सरासरी समुद्रसपाटी यांच्यातली चूक. भरती मोठी तिथे ती मोठी, म्हणून सुंदरबनातल्या सागर बेटाजवळ ती काकीनाड्यापेक्षा कितीतरी जास्त. ‘सगळ्या उंची कुठल्या शून्यापासून’ हे वाक्य एमओयूच्या (भागीदारीच्या सामंजस्य कराराच्या) पहिल्याच पानावर घाला.

सराव घरच्या खाडीत करा. ऐरोली-विक्रोळीच्या खारफुटीत, वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी काढून, एक संच ठोकून सहा महिने मोजलं की कुठल्या चुका होतात ते कळतं, आणि त्या चुका लोकलच्या तिकिटात होतात.

महानदी

खुला डेटा, १९५७ चं हिराकूड आणि १९९९ च्या महाचक्रीवादळापासून आपत्तीची घडी बसवलेलं राज्य. गाळावर काम करायचं तर गोदावरीइतकीच बरी, फक्त २०१८ पासून ओडिशा-छत्तीसगड वाद लवादापुढे आहे आणि दोन्हीकडचे अधिकारी पाण्यावर बोलताना शब्द मोजतात. भितरकनिकात जायचं असेल तर मगरींच्या विणीमुळे १ मे ते ३१ जुलै राष्ट्रीय उद्यान पर्यटकांना बंद असतं, त्या महिन्यांत संशोधनाची परवानगी धरून चालू नका.

विषय स्थलांतर असेल तर मात्र आमची पसंती बदलते. केंद्रापाडा जिल्ह्यातला पट्टामुंडाई भाग प्लंबरांसाठी देशभर ओळखला जातो, आणि हे प्लंबर मोठ्या शहरांतल्या बांधकामांवर असतात, मुंबईतही. गावात फक्त बायका, म्हातारे आणि पाठवलेले पैसे दिसतात. ज्यांनी कोकणातली मनीऑर्डरवर चाललेली घरं पाहिली आहेत त्यांना ही मांडणी नवी नाही. भुवनेश्वरचा भागीदार गावाकडचं टोक धरेल, तुम्ही मुंबईचं. प्रश्नावली ओडियात आणि मुलाखत रात्री आठनंतर, साइट सुटल्यावर.

पैसा

परदेशी पैसा मोठा असतो, पण मध्येच आटतो. २०२१ मध्ये ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली आणि चालू संशोधन प्रकल्पांचे हप्ते कापले गेले. म्हणून पहिल्या बारा महिन्यांत स्वतःच्या पायावर उभा राहील असा एक तुकडा पूर्ण होईल, अशी आखणी ठेवा.

ट्रस्टच्या कॉलेजांनी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, नीट वाचावा. २०२० च्या दुरुस्तीनंतर आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मुंबईच्या ट्रस्टने घ्यायचा आणि काकीनाड्याच्या संस्थेला वाटायचा, ही जुनी पद्धत संपली. प्रत्येकाने देणगीदाराशी थेट करार करायचा, स्वतःची नोंदणी ठेवायची आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत बसवायचा. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं ऑडिट असलेल्या संस्थांना यातून सूट आहे, म्हणून मुख्य भागीदार असं विद्यापीठ असलेलं सोयीचं. एएनआरएफसारख्या (केंद्राचं संशोधन निधी प्रतिष्ठान) देशी निधीत ही कटकट नाही. तिथली कटकट वेगळी: यूसी, म्हणजे पैसा कसा खर्च झाला याचं प्रमाणपत्र, वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो.

गोदावरी ठरली असेल तर काकीनाड्याजवळच्या खारफुटीच्या कोरिंगा अभयारण्यात शिरायचा अर्ज जूनमध्येच वनखात्याकडे द्या. ऑक्टोबर ते डिसेंबर आंध्र किनाऱ्यावर वादळांचे, तेव्हा सळया जानेवारीत ठोका. पहिलं मोजमाप त्याच दिवशी घेऊ नका, ठोकताना हललेला चिखल बसायला किमान महिना द्या. मार्चमध्ये परत या. १५ एप्रिलपासून ६१ दिवस मासेमारी बंदी असते. नावाडी तेव्हा मोकळे असतात, पण काकीनाड्याच्या उन्हात माच्यावर बसून ३६ पिना शांतपणे वाचणारा माणूस मिळत नाही.