कॅरेक्स डे-लाइट क्लासिक प्लस: हिवाळ्यातल्या मरगळीवर मोठाच दिवा घ्या

टोरांटोत डिसेंबरच्या मध्यावर सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. झोप कितीही घेतली तरी अंग जड, सारखं गोडधोड खावंसं वाटणं, कशातच मन न लागणं, हे दर हिवाळ्यात येऊन वसंतात जात असेल, तर सकाळी समोर लावून बसायच्या या प्रखर उजेडाच्या दिव्याचा विचार जरूर करावा.

त्याची खरी जमेची बाजू म्हणजे आकार. उजेडाचा पडदा साधारण साडेपंधरा बाय साडेतेरा इंच, आणि 12 इंचांवर 10,000 लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात. टॅबलेटएवढ्या स्वस्त दिव्यांच्या खोक्यावरही 10,000 च लिहिलेलं असतं, पण तेवढा उजेड बहुतेकदा 10-15 सेंटिमीटरवरच मिळतो. इतक्या जवळ तोंड धरून अर्धा तास कोण बसणार? घरातल्या नेहमीच्या दिव्यांखाली जेमतेम 100 ते 500 लक्स असतात.

वापरायचा असा: उठल्यावर तासाभराच्या आत, 20 ते 30 मिनिटं, रोज. दिवा डोळ्यांच्या किंचित वर, थोडा बाजूला, खाली झुकवलेला. स्टँडची उंची आणि दिव्याच्या डोक्याचा कोन बदलता येतो, त्यामुळे हे सहज जमतं. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. चहा-नाश्ता, वाचन खुशाल चालू द्या. फरक साधारण आठवडा-दोन आठवड्यांत जाणवतो. ऑक्टोबरमध्ये सुरू करून मार्च-एप्रिलपर्यंत चालू ठेवावं, मध्येच सोडलं तर मरगळ परत येते.

उपयोग होत नाही म्हणणाऱ्यांनी आधी टेप घेऊन अंतर मोजावं. खुर्ची 12 वरून 24 इंचांवर सरकली की उजेड जवळपास एक तृतीयांशावर येतो. डोकं दुखलं किंवा चिडचिड झाली तर 10 मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. संध्याकाळी लावू नका, झोप उडते.

बायपोलर आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, उन्माद उसळू शकतो. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेल्यांनी आणि ज्यांनी उजेड सोसेनासा होतो अशी औषधं चालू असलेल्यांनीही आधी विचारावं. जगणं नकोसं वाटत असेल तर दिव्यावर विसंबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

उणीव म्हणाल तर जागा. छोट्या काँडोतल्या टेबलाचा मोठा कोपरा हा अडवतो, आणि उचलून ठेवला की दुसऱ्या दिवशी काढायचा कंटाळा येतो. कायमची जागा ठरवूनच आणा. अतिनील किरण गाळलेले असल्याने यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, त्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा.