पाणी, डीएमएसओ की डीएमआय? हेडस्पेससाठी द्रावक निवडताना

औषधाच्या कच्च्या मालात उरलेलं डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड, एक द्रावक) मोजायचंय. आयसीएचची (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) मर्यादा ८८० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ८८० भाग. हेडस्पेस पद्धतीप्रमाणे बंद व्हायल (छोटी बाटली) तापवली, द्रावणावरची वाफ जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये) गेली, आणि पीक (आलेखातलं शिखर) आलं इवलंसं. अशा वेळी आपण लगेच तापमान वाढवायला धावतो. त्याआधी नमुना कशात विरघळवलाय ते बघा.

द्रावक एखाद्या रेणूला किती घट्ट धरून ठेवतो हे ‘के’ या गुणांकावरून कळतं : द्रवातली संहती भागिले वाफेतली संहती. पाण्यात ४० अंश सेल्सिअसला टोल्यूइनचा के सुमारे २.८, डायॉक्सेनचा १६०० च्या वर. गंमत म्हणजे डायॉक्सेन १०१ अंशांना उकळतं, टोल्यूइन १११ ला. म्हणजे नुसत्या उत्कलनबिंदूवरून अंदाज बांधला तर फसायला होतं.

याचा व्यवहारात अर्थ असा. २० मिलीच्या व्हायलमध्ये त्याच संहतीचं द्रावण १ मिलीऐवजी ४ मिली घेतलं, तर टोल्यूइनचं पीक तिपटीहून मोठं होतं, डायॉक्सेनचं एक टक्काही वाढत नाही. उलट तापमान ४० वरून ८० केलं की डायॉक्सेन पाचपट मिळतं. जे द्रावकाला चिकटून बसतं त्याच्यासाठी नमुना वाढवणं व्यर्थ, उष्णताच हवी. आणि किती उष्णता देता येईल हे द्रावक ठरवतो.

पाणी स्वस्त, शुद्ध मिळतं, एफआयडीला (जीसीच्या ज्वाला-डिटेक्टरला) जवळपास दिसत नाही. बेंझीन, टोल्यूइन यांना ते अक्षरशः हाकलून देतं; मीठ घातलं तर आणखीच. पण डीएमएफसारख्या पाणीप्रिय रेणूला सोडत नाही, आणि १०० अंशांपलीकडे व्हायलमधला दाब वाढत जातो. शिवाय औषध पाण्यात विरघळलं नाही तर गुठळीत अडकलेलं डीएमएफ मोजमापात येतच नाही.

डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) १८९ अंशांना उकळतं, जवळपास काहीही विरघळवतं, ११०–१२० पर्यंत तापवता येतं. बहुतेक कामांना मी हेच घेतो. मात्र फार तापवलं तर ते विघटित होऊन गंधकयुक्त भुरटी पीकं देतं, म्हणून ब्लँक (नमुन्याशिवाय नुसतं द्रावक) चालवल्याशिवाय विश्वास ठेवू नका. एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन, उत्कलनबिंदू २०२ अंश) शोधायचं असेल तर ते डीएमएसओच्या भल्यामोठ्या पीकच्या शेपटीशेजारी येण्याची भीती असते.

डीएमआय (डायमिथाइल इमिडॅझोलिडिनोन) २२५ अंशांना उकळतं, त्यामुळे डीएमएफ आणि डीएमए (डायमिथाइल ॲसिटामाइड) त्याच्या बऱ्याच आधी निघून जातात. युरोपियन फार्माकोपिया (युरोपचा औषधमानक-ग्रंथ) या दोघांसाठी हेच सुचवतो. महाग आहे, आणि प्रत्येक रननंतर जीसीचा कॉलम (रेणू वेगळे करणारी नळी) नीट भाजून घ्यावा लागतो. डीएमएफ हाच मुख्य प्रश्न असेल तर माझं मत डीएमआयला.

एनएमपी, सल्फोलेन, इथिलीन ग्लायकॉल, फॉर्मामाइड यांच्यासाठी मात्र द्रावक बदलत बसू नका. नेहमीच्या हेडस्पेसमध्ये ती नीट दिसतच नाहीत, हे यूएसपीही (अमेरिकेचा औषधमानक-ग्रंथ) सांगते. द्रावण थेट जीसीत इंजेक्ट करा, नाहीतर व्हायलमध्ये मोजकेच मायक्रोलीटर टाकून सगळंच्या सगळं बाष्प करा; द्रवच उरला नाही की के चा प्रश्नही उरत नाही.

आणि हो, डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं. एसी लॅबमध्ये सकाळी बाटली घट्ट झालेली दिसली तर घाबरू नका, कोमट पाण्यात ठेवा.