गळणारा मागचा ब्रेक आणि नवं कॅलिपर: सात महिन्यांनंतरचा अनुभव

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सिंहगडावरून सायकलने उतरताना मागच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा, लिव्हर सरळ मुठीला टेकला. रस्ता ओला, पुढे गोळेवाडीकडची वळणं, आणि डाव्या हाताला काही लागतच नव्हतं. पुढच्या ब्रेकवर कशीबशी सायकल आवरली आणि उरलेला घाट चालत उतरलो. त्या दिवसापासून ब्रेक खऱ्या अर्थाने दुरुस्त व्हायला पाच आठवडे गेले. त्यातले चार आठवडे मी चुकीच्या जागी हात घालत होतो. कुणाचे ते चार आठवडे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दुकानात नेल्यावर उत्तर मिळालं, "हवा शिरलीय, ब्लीड केलं की होईल." ब्लीड म्हणजे तेलाच्या नळीतली हवा बाहेर काढणं. तसं झालंही. लिव्हर कडक झाला, मी खूश. बाराव्या दिवशी पुन्हा तेच, शिवाय ब्रेक लावला की अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा किंचाळायला लागला. नवे पॅड (चाकावरच्या चकतीला घासून ती थांबवणाऱ्या पट्ट्या) टाकले, चार दिवसांत तेही किंचाळायला लागले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बंद नळीतलं तेल कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी बाहेर पडतंय, आणि पॅड ओरडतायत म्हणजे ते बहुधा पॅडांवरच पडतंय. ब्लीड करून हवा निघते, भोक बुजत नाही.

मग एका शनिवारी घरीच बसलो. पूर्ण ब्रेक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा केला. तेल सुटू शकेल अशा प्रत्येक जागी टिश्यू पेपर गुंडाळला: लिव्हरचं बूड, होज (तेलाची नळी) लिव्हरला जोडतात ती नट, कॅलिपरवरचा (चाकाजवळचा, पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) होजचा बोल्ट, ब्लीड निपल (ब्लीड करताना तेल घालायचं-काढायचं छोटं तोंड). चाक आणि पॅड काढले, पॅडांना दाबणारे पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून मध्ये ब्लीड ब्लॉक बसवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनाही टिश्यूची घडी सरकवली. लिव्हर दाबून त्याला जाड रबर बँड लावला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पाच टिश्यू कोरडे. आतल्या बाजूच्या पिस्टनला टेकलेल्या घडीवर मात्र आठ आण्याएवढा लालसर डाग. इतक्या दिवसांचं कोडं एका रात्रीत सुटलं. अजून कुणी "ब्रेक गळतोय" म्हणालं, की मी आधी हेच करायला सांगतो. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली जातोय, असं दिसलं तर लिव्हरच्या आतलं सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

पिस्टन थोडा बाहेर काढून पुसला, मिनरल ऑइलचं (माझ्या ब्रेकमधलं तेल) बोट फिरवून परत आत सारला. असं दोन-तीनदा केलं. सीलवर माती बसली असेल तर एवढ्यावर काम भागतं. माझं काही दिवस भागलं, मग पुन्हा डाग. शेवटी पिस्टन पूर्ण बाहेर काढला. खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिला तर सिरॅमिकच्या कडेपासून खाली उतरलेली केसाएवढी चीर. नखाला लागत होती. चूक माझीच. मार्चमध्ये पॅड बदलताना मी पिस्टन स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकलले होते. आता त्या कामाला प्लॅस्टिकचा टायर लिव्हरच वापरतो, आणि तोही पिस्टनच्या मधोमध टेकवून.

माझ्या ब्रेकचे पिस्टन आणि सीलं सुटी मिळत नाहीत, म्हणून अख्खं कॅलिपर घ्यावं लागलं. 1,900 रुपये, वर पॅडचे 450. तेलाने भिजलेले पॅड मी गॅसवर भाजून, घासून पाहिले. दुसऱ्या दिवशी आवाज परत आला. ते पैसे वाचवू नका. रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) मात्र अल्कोहोलने पुसून वाचला.

तेलाबाबत एक कळकळीची विनंती. शिमानो, मागुरा, टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये डॉट नावाचं वेगळं ब्रेक ऑइल. डॉट हवेतली ओल शोषतं आणि सायकलच्या रंगालाही खातं. एकाच्या जागी दुसरं गेलं तर रबरी सीलं बाद होतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधलं मोटरसायकलचं ब्रेक ऑइल डॉट असतं, म्हणून लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

ब्लीडला दोन माणसं असली की सोपं जातं. लिव्हर आडवा करून त्यावर फनेल लावला, खालून मी सिरिंजने तेल सावकाश वर ढकलत होतो आणि मुलगी फनेलकडे डोळे लावून उभी. "बाबा, आला! अजून एक, छोटा!" मी होजवर टिचक्या मारायचो की आणखी दोन बुडबुडे सुटायचे. वीस मिनिटांनी तेल स्वच्छ आलं. निपल टॉर्क पान्याने 5 न्यूटन-मीटरवर घट्ट केला. अंदाजाने पिळला तर आटे जातात. मग नवे पॅड बसवून सोसायटीच्या रस्त्यावर ताशी वीसच्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक मारला. आठव्या-नवव्या वेळेपासून पकड स्पष्ट वाढलेली जाणवली.

तेव्हापासून सात महिने आणि साधारण 1,400 किलोमीटर झाले. त्यात उरलेला पावसाळा, वेताळ टेकडीचा मुरूम आणि सिंहगडाच्या अकरा फेऱ्या. लिव्हर पहिल्या दिवशी जिथे धरत होता तिथेच आजही धरतो. ओल्या सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक ओरडतात, नंतर गप्प. चिखलाने पॅड लवकर खाल्ले, ऑक्टोबरमध्ये अर्ध्या मिलिमीटरवर आले म्हणून बदलले. मेटलचे घेणार होतो, पण माझ्या रोटरवर फक्त रेझिन (राळेचे, मऊ) पॅड वापरण्याची सूचना कोरलेली आहे, म्हणून पुन्हा रेझिनच.

एकदा गाडीतून नेताना चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला गेला आणि पॅड एकमेकांना चिकटले. तेव्हापासून मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घालतो. टिश्यू आणि रबर बँडची रात्र दर दोन महिन्यांनी होते. गेल्या रविवारी सकाळी सहाही टिश्यू कोरडे निघाले.