मोठ्या अक्षरांतील मराठी पवित्र शास्त्र : नेरूळच्या एका घरातला वर्षभराचा वापर

गेल्या वर्षी सासरे गेले तेव्हा माझे यजमान जहाजावर होते. पुढचे बंदर अकरा दिवसांवर असल्याने एकुलत्या एका मुलाला वडिलांना मूठमाती द्यायलाही पोहोचता आले नाही, आणि सासूबाई दफनविधीच्या वेळी चकार शब्द बोलल्या नाहीत. महिनाभराने ठाण्यातल्या एका लहानशा दुकानातून पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, ही प्रत आणली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही घरातली जुनी प्रत त्यांना वाचता येत नव्हती, आणि दुसऱ्याने वाचून दाखवलेले त्यांना चालत नाही.

अक्षर खरोखर मोठे आहे. ‘ष्ट’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे शाईने भरून गेलेली नाहीत आणि अनुस्वार ठळक आहेत. वचनांचे आकडे मात्र इतके बारीक आहेत की पाळकसाहेबांनी सांगितलेले वचन काढून द्यायला अजूनही मलाच जावे लागते. कागद पातळ आहे. दिवसा खिडकीशी बसले की मागची छपाई पुढे दिसते.

सासूबाईंनी सुरुवात केली ती विलापगीतापासून. दुःखातल्या माणसाने काही आनंदाचे वाचावे, अशी माझी भाबडी समजूत होती. यरुशलेमच्या पाडावावरचे हे पाच अध्यायांचे पुस्तक असून त्यातल्या पहिल्या चार अध्यायांची मूळ रचना इब्री (हिब्रू) भाषेच्या 22 मुळाक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहे, तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन याप्रमाणे 66 वचने येतात. मराठीत ही बांधणी उतरणे शक्य नाही, पण निदान एक तळटीप हवी होती. त्याच तिसऱ्या अध्यायात एकविसाव्या वचनापाशी सूर पालटतो, देवाची दया रोज सकाळी नवी होते असे कवी म्हणतो, आणि पुढे रडणे पुन्हा सुरू होते. शेवटच्या अध्यायाचा शेवटही सांत्वनाचा नाही. “इथे मला कुणी गप्प राहा म्हणत नाही,” असे सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या. त्यांचे रडणे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मी स्वतः फिलिप्पैकरांस पत्रात रमले. प्रेषित पौलाने ते फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला बंदिवासातून लिहिले आहे, आणि दुसऱ्या अध्यायातला त्या मंडळीचा दूत एपफ्रदीत घरापासून दूर मरणाच्या दारी जाऊन आलेला असूनही, आपल्या आजाराची बातमी घरच्यांना कळली म्हणूनच कष्टी आहे. आमच्याकडेही यजमान अंगात ताप असताना व्हिडिओ कॉलवर हसत बसतात.

खुणेची फीत एकच आहे आणि ती सासूबाईंकडे असते. माझ्या पानात जुना बोर्डिंग पास घातला आहे. ग्रंथाचे वजन बरेच असल्याने मांडीवर उशी घेऊनच वाचावे लागते. हात थरथरत असतील तर नवा करार आणि स्तोत्रसंहिता एवढेच असलेली हलकी प्रत मागावी. विलापगीत मात्र तिच्यात मिळणार नाही.