रॅम गळ्यात मारली, मग १ टीबीची खोटी एसएसडी

डेस्कटॉप रखडत चालायला लागला की दोनच इलाज सुचवले जातात: रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) वाढवा, नाहीतर एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) टाका. मला एकाच माणसाने दोन्ही विकलं. रॅमची मला गरज नव्हती, आणि एसएसडी म्हणून जे दिलं ते सांगितलेल्या आकाराच्या जेमतेम आठवा हिस्सा निघालं. दोन्ही वेळा फसवायची पद्धत वेगळी होती, म्हणून दोन्ही प्रकार सविस्तर लिहितोय.

माझ्या मशीनमध्ये ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि ७२०० आरपीएमची जुनी हार्ड डिस्क होती. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा, डिस्कची कुरकुर थांबायची नाही. पण एकदा हवं ते उघडलं की मग सगळं ठीक चालायचं. हे मी विकणाऱ्याला आधीच सांगितलं होतं. ज्याला काम कळतं त्याला निदानासाठी एवढं पुरेसं असतं, आणि याला काम कळत होतं.

त्याने टास्क मॅनेजर (रॅम, डिस्क किती वापरात आहेत ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडल्या आणि मेमरीच्या रकान्यावर बोट ठेवलं. ७४ टक्के. "बघा, रॅम फुल्ल होत आलीय. एसएसडी नंतर कधीही टाका, आधी ही वाढवा." त्याच्या बोटाला लागूनच डिस्कचा रकाना होता, गडद रंगाचा, आणि त्यात १०० टक्के दिसत होतं. त्याबद्दल अवाक्षर नाही.

दुसरी ८ जीबीची पट्टी लावून झाल्यावर त्याने मला बाजूला बसवलं आणि ब्राउझर उघडून दाखवला. खटकन उघडला. त्यातली गोम मला नंतर कळली. मशीन चालू झाल्यावर त्याने ब्राउझर आधीच एकदा उघडून बंद केला होता. विंडोज एकदा वाचलेल्या फायली मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतं, त्यामुळे दुसऱ्यांदा उघडताना डिस्ककडे फारसं जावंच लागत नाही. हे ८ जीबीवरही असंच झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं, तर तीच कुरकुर आणि तेच गरगर फिरणारं वर्तुळ.

खरं कारण साधं होतं. ७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या, तबकडीच्या एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. त्यात वाचणारं टोक योग्य जागी सरकायचा वेळ धरला, तर इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचून होतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे तेच वाचन सेकंदाला हजारोंच्या हिशोबात होतं. हातात रॅम कितीही असो, पहिल्यांदा वाचायचं तर डिस्कवरूनच.

आता हे उलटही असू शकतं, आणि तिथेच लोकांना गंडवायला वाव मिळतो. रॅम खरोखर अपुरी पडली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर टाकतं आणि परत आणतं, म्हणजे डिस्क तेव्हाही १०० टक्के दिसते. यातला फरक विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये कळतो. नेहमीचं काम चालू असताना तिथे 'अव्हेलेबल' आकडा तळाला गेलेला असेल आणि 'हार्ड फॉल्ट्स' (हवा तो मजकूर रॅममध्ये नसल्याने डिस्ककडे जावं लागण्याचे प्रसंग) सतत शेकड्यांत असतील, तर रॅम घ्या. दोन-तीन जीबी मोकळी असूनही डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल आणि टास्क मॅनेजरमधला तिचा 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' (उत्तर द्यायला लागणारा सरासरी वेळ) शेकडो मिलिसेकंदांत असेल, तर रॅमवर पैसे घालू नका. साधी खूण हवी असेल तर बघा: सुरू होतानाच रडतं, तर बहुतेक डिस्क, तासाभराने टॅब वाढल्या की रडतं, तर बहुतेक रॅम. व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालवणाऱ्यांचा हिशोब वेगळा, त्यांना १६ जीबीही कमी पडते.

रॅमची तक्रार घेऊन गेलो तर म्हणाला, "रॅमने तिचं काम केलं, आता राहिली ती डिस्क. १ टीबीची एसएसडी टाका, रॅमच्या पैशांचं त्यात थोडं जमवून देतो." या वेळी त्याचं निदान बरोबर होतं, माझा स्वतःचा शोधही तेच सांगत होता. अडीच इंची साटा एसएसडी बसली, विंडोज तिच्यावर टाकलं, आणि मशीन खरंच पळायला लागलं. विंडोजमध्ये आकडा ९३१ जीबी दिसत होता. तो बरोबरच आहे, कारण डिस्कवाले टीबी हजारच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. यात फसवणूक नाही.

फसवणूक उघड झाली ती फोटोंमुळे. जुनी हार्ड डिस्क मी मशीनमध्येच ठेवायला लावली होती, तिच्यावरचे फोटो आणि व्हिडिओ एसएसडीवर कॉपी केले. कॉपी विनातक्रार पूर्ण झाली, काही फोटो उघडून पाहिले, छान उघडले. मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर त्याच फोल्डरमध्ये फायलींची नावं होती, आकार होते, तारखा होत्या. फोटो मात्र वरची पट्टी नीट आणि खाली सगळा करडा ठोकळा, नाहीतर उघडतच नव्हते. आधी उघडले होते ते एसएसडीवरून नव्हे, रॅममधल्या प्रतीवरून. पुन्हा तोच खेळ, फक्त या वेळी तो दाखवायला कोणी बसलेलं नव्हतं. कट-पेस्ट न करता कॉपी केली होती म्हणून मूळ फोटो वाचले. तेवढ्या काळात एसएसडीवर नव्याने केलेल्या कामातलं बरंच गेलं.

मशीन डिस्कला विचारतं, तू केवढी? डिस्क जे सांगेल ते मशीन मान्य करतं, मोजून बघत नाही. आत १२८ जीबीची चिप असली तरी कंट्रोलरचं (डिस्क चालवणाऱ्या चिपचं) फर्मवेअर, म्हणजे तिच्यातला प्रोग्रॅम, बदलून '१ टीबी' म्हणायला लावता येतं. विंडोज आणि चार प्रोग्रॅम तेवढ्यात आरामात मावतात, म्हणून सुरुवातीला शंका येत नाही. खरी जागा संपली की पुढचं लिखाण एकतर हवेत जातं किंवा आधीच्या मजकुरावर चढतं. रॅममध्ये ही लबाडी टिकत नाही, आकडा खोटा असला तर मशीन लगेच कोलमडेल. म्हणून रॅमवाला तुमच्या गरजेबद्दल खोटं बोलतो आणि डिस्कवाला थेट मालाबद्दल.

पकडायचं कसं? एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं मोफत जर्मन सॉफ्टवेअर आहे. ते मोकळी जागा १ जीबीच्या फायलींनी भरतं आणि मग प्रत्येक फाइल परत वाचून ताळा करतं. लिनक्सवर हेच काम एफथ्री करतं. १ टीबीला कित्येक तास लागतात, लागू द्या. पण डिस्क रिकामी असतानाच चालवा, कारण खोट्या डिस्कवर ही चाचणीच तुमचा जुना मजकूर पुसू शकते. माझ्या अहवालात सुमारे ११९ जीबी 'ओके' होते, बाकी सगळं 'डेटा लॉस्ट'.

वजनावरून मात्र ठरवू नका. अस्सल एसएसडीही हलकी असते आणि तिचं सर्किट अर्ध्या डबीएवढंच असतं. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' (डिस्क किती तास चालली) शून्याच्या जवळ दिसले म्हणजे माल नवा, असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं, तेव्हा त्यांचे हे तास पुसलेले होते. डिस्कमध्ये दुसरीकडे ठेवलेल्या फार्म नावाच्या नोंदींत खरे तास सापडले. त्यापेक्षा पाकिटावरचा सीरियल नंबर उत्पादकाच्या वॉरंटी पानावर, विकत घेण्याआधी, समोर उभं राहून तपासा. माझ्या एसएसडीचा तिथे पत्ताच नव्हता.

अहवाल दाखवल्यावर त्याची पहिली सबब "हा ९३१ आणि १००० चा फरक आहे" ही होती. ९३१ आणि ११९ मधला फरक कुठला, असं विचारल्यावर "व्हायरस असेल", मग "विंडोज पायरेटेड आहे का?" शेवटी सीरियल नंबरचा स्क्रीनशॉट आणि बिल समोर ठेवल्यावर एसएसडीचे पैसे परत दिले. बिलावर त्याने '१ टीबी' असं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, त्याचा उपयोग झाला. नुसतं 'एसएसडी १ नग' लिहून घेऊ नका. क्षमता, मॉडेल आणि सीरियल नंबर तिन्ही बिलावर हवेत.

रॅमचे पैसे मागितले तर तो शांतपणे म्हणाला, "मेमटेस्ट चालवा, एक एरर आली तर परत घेतो." रॅम तपासणारं हे सॉफ्टवेअर चालवलं, एकही आली नाही, पट्टी अस्सल होती. नंतर दुसरीकडून घेतलेली, तपासलेली एसएसडी बसवल्यावर मी त्याची पट्टी काढून फक्त जुन्या ८ जीबीवर काम करून पाहिलं. रोजच्या कामात काही फरक पडला नाही. हे त्याला कळवलं, तर उत्तर आलं, "आत्ता नाही, पण पुढे लागेल ना."