कलर लेबलचे आठ महिने: 23 रंगांवरून 5 वर आलो

आमची टीम 9 जणांची, आणि आठ महिन्यांपासून सगळं काम एकाच प्रोजेक्ट ॲपच्या बोर्डवर चालतं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि कार्डावर लावायची रंगीत पट्टी म्हणजे लेबल. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण निम्मा गोंधळ आमचाच होता.

सुरुवातीला लेबल बनवायची परवानगी सगळ्यांना होती, म्हणून सगळ्यांनी बनवली. तीन महिन्यांत 23 लेबलं, बोर्ड म्हणजे नुसती ठिगळांची गोधडी! त्यात लाल म्हणजे मला अर्जंट, डिझाइनवाल्याला रिजेक्ट आणि टेस्टिंगवालीला बग. एकदा मी एका कार्डाला लाल लावून निवांत बसलो, डिझाइनवाल्याने लाल बघितलं आणि "हे तर रिजेक्ट झालंय" म्हणून हातच लावला नाही, दोन दिवस कार्ड तसंच पडून.

मग बसून ठरवलं की रंगाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, हे काम कुठल्या प्रकारचं आहे. काम कुठवर आलंय ते कॉलम सांगतो, कोणाचं आहे ते फोटो सांगतो, कधी द्यायचंय ते तारीख सांगते, मग त्यासाठी परत रंग कशाला? आता बग, नवीन फीचर, कंटेंट, क्लायंटचे बदल एवढे चार, आणि लाल फक्त "अडकलंय" साठी. नवीन लेबल बनवायचं तर टीममधल्या ठरलेल्या दोघांनाच विचारायचं.

जुनी लेबलं काढताना मात्र मी माती खाल्ली. लेबल डिलीट केलं की ते सगळ्या कार्डांवरून जातं, आर्काइव्हमधल्यासुद्धा, आणि अनडू नाही. आधी त्या लेबलचा फिल्टर लावायचा, सगळी कार्डं एकदम सिलेक्ट करून नवीन लेबल द्यायचं आणि मगच जुनं उडवायचं, हे मला साठेक कार्डं कोरी झाल्यावर कळलं.

अजून एक, याची जरा लाजच वाटते. आमच्यातला एकजण मीटिंगमध्ये प्रत्येक कार्ड उघडून बघायचा आणि आम्ही मनातल्या मनात वैतागायचो. चौथ्या महिन्यात तो सहज बोलून गेला की लाल-हिरवं त्याला जवळजवळ सारखंच दिसतं. हा दोष एक्स क्रोमोसोमवरून येतो, म्हणून पुरुषांत बराच जास्त असतो, म्हणजे टीममध्ये असं कोणी निघणं काही नवल नाही. ट्रेलो या दुसऱ्या प्रोजेक्ट ॲपमध्ये यासाठी वेगळा मोड आहे, लेबलांवर रेघा-ठिपक्यांचे पॅटर्न येतात. आमच्याकडे तसलं काही नाही, म्हणून नुसत्या रंगीत पट्ट्या बंद करून लेबलचं नाव कायम दिसेल असं सेटिंग केलं आणि हिरव्याच्या जागी निळा घेतला. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून असलेले डब्ल्यूसीएजी नियमही हेच सांगतात, माहिती फक्त रंगावर सोडू नका. बोर्डाची ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली तेव्हा बाकीच्यांनाही पटलं, सगळंच करडं!

डार्क मोडमध्ये पिवळ्या लेबलवरची पांढरी अक्षरं अजून वाचता येत नाहीत, तक्रार केलीये, उत्तर नाही. फिल्टर मात्र झकास, सोमवारी सकाळी "अडकलंय" एवढंच लावून बघतो आणि दहा मिनिटांत मीटिंग संपते.

लेबलं प्रत्येक बोर्डाची वेगळी असतात हे अजून डोक्यात जातं. डिझाइनवाल्यांच्या बोर्डवर लाल म्हणजे आजही रिजेक्टच.